कथेचे घटक समजून घ्यायला फॉर्स्टरचं 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' : कुठली प्रकरणं वाचावीत, कुठली सोडावीत

कथेचे घटक सांगा म्हटलं की बारावीची मुलं एका दमात म्हणून दाखवतात: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. पण आधी न वाचलेली कथा पुढ्यात ठेवून 'यात कथानक कुठं आहे ते दाखव' म्हटलं, की गोष्टीचा सारांश सुरू होतो. हा घोळ फक्त मुलांचा नाही. वाचनकट्ट्यांवरच्या चर्चेत, दिवाळी अंकातल्या कथांवर लिहिलेल्या अभिप्रायांत, नव्या लेखकांच्या कार्यशाळांत तोच दिसतो. नावं पाठ असतात. ती हातातल्या कथेला लावायची कशी, हे शिकायचं राहून गेलेलं असतं.

नेमक्या या अडचणीवर आजही कामाला येणारं पुस्तक १९२७ सालचं आहे, इंग्रजी आहे आणि कथेबद्दल नसून कादंबरीबद्दल आहे: ई. एम. फॉर्स्टर यांचं 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'. ते घ्यावं का, घेतलं तर त्यातलं काय वाचावं आणि मराठी कथा वाचणाऱ्याला ते कुठं अपुरं पडतं, याबद्दल हे परीक्षण आहे.

पुस्तक म्हणजे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फॉर्स्टरनं दिलेली क्लार्क व्याख्यानं. छापतानाही बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे, त्यामुळे व्याख्यांच्या चौकटी नाहीत, प्रकरणाच्या शेवटी प्रश्न नाहीत. एकूण नऊ प्रकरणं. प्रस्तावना आणि समारोप वगळले तर गोष्ट, माणसं (दोन प्रकरणं), कथानक, फँटसी, प्रॉफेसी आणि शेवटी आकृतिबंध व लय. बोलणारा माणूस प्राध्यापकी पेशाचा नव्हता, तीन वर्षांपूर्वीच, १९२४ मध्ये, 'अ पॅसेज टू इंडिया' प्रसिद्ध केलेला कादंबरीकार होता. त्याआधी १९२१ मध्ये तो मध्य भारतातल्या देवास थोरली पाती या मराठा संस्थानाच्या पवार महाराजांचा खासगी सचिव होता. मराठी माणसाला त्याची ही ओळख असायला हरकत नाही. लिहिणाऱ्या माणसानं घटकांबद्दल बोलावं याचा मोठा फायदा आहे. कुठला घटक दुसऱ्याच्या वाटेत येतो, कोण कुणाला दाबतो, हे त्याला हातानं केलेल्या कामातून ठाऊक असतं.

सुरुवातीलाच तो एक धाडसी गोष्ट करतो. सगळे इंग्रजी कादंबरीकार एकाच गोल खोलीत, एकाच वेळी लिहीत बसले आहेत असं समजा, म्हणतो. मग अठराव्या शतकातला स्टर्न आणि त्याच्या स्वतःच्या काळातली व्हर्जिनिया वुल्फ यांचे उतारे शेजारी शेजारी ठेवून दाखवतो की काळ दूरचा असला तरी हात सारखा चालतो. मराठीत हे पान दोनदा वाचावं. आपल्याकडे कथा हातात आली की आधी ती कुठल्या प्रवाहात बसते ते ठरतं: ग्रामीण, दलित, नवकथा, स्त्रीवादी. ते वर्गीकरण इतिहासासाठी लागतंच. पण कथेचे घटक शिकताना ते आधी आलं, तर वाचणारा प्रवाहाची लक्षणं शोधत बसतो आणि कथा वाचायची राहते. दोन वेगळ्या काळांतल्या, वेगळ्या प्रवाहांतल्या कथांची पहिली पानं शेजारी ठेवून फक्त 'इथं कोण सांगतंय आणि त्याला किती ठाऊक आहे' एवढं विचारलं, तर तासाभरात बरंच हाती लागतं.

पुस्तकाची किंमत एकट्या कथानकाच्या प्रकरणात वसूल होते. गोष्ट आणि कथानक यांतला फरक तो दोन वाक्यांत सांगतो. राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. दोन्हींत घटना त्याच, क्रम तोच. दुसऱ्यात कारण आलं. गोष्ट ऐकणारा विचारतो 'मग काय झालं?', कथानक वाचणारा विचारतो 'असं का झालं?'. पहिल्याला कुतूहल पुरतं. दुसऱ्याला बुद्धी आणि स्मरणशक्ती लागते, कारण आधी सांगितलेलं लक्षात ठेवल्याशिवाय नंतरचं कारण कळत नाही. त्यापुढचं तिसरं वाक्य बहुतेक गाइडांतून गळालेलं असतं आणि खरं काम तेच करतं: राणी मेली, का, ते कुणालाच कळेना, शेवटी उमगलं की राजा गेल्याचं दुःख तिला सोसलं नव्हतं. कारण तेच, फक्त मागे ढकललं. वाचकाच्या मनात त्यामुळे एक रिकामी जागा तयार झाली, आणि ती धरून तो पुढं वाचतो.

राजाराणी मराठी वाचकाला परीकथेसारखे वाटतात, म्हणून हेच घरगुती घटनेवर करून पाहू. आजोबांनी शेत विकलं, नंतर घराचं मागचं दार उघडायचं बंद केलं: ही झाली गोष्ट. शेत विकल्यावर आजोबांनी मागचं दार बंद केलं, कारण तिथून विकलेल्या शेतातली विहीर दिसायची: हे कथानक. आता तिसरी मांडणी. आजोबा मागचं दार उघडू देत नाहीत. धुणं वाळत घालायला घरातल्या बायकांना पुढच्या दारानं, गोठ्याला वळसा घालून जावं लागतं. कुणी विचारत नाही. एक दिवस धाकटी सून ओली बादली खाली ठेवते आणि कडी काढते. समोर विहीर असते, आणि तिच्यावर दुसऱ्याचा पंप चालू असतो.

या तीन मांडण्या समोर असल्या की वाचलेल्या कुठल्याही कथेवर तोच प्रयोग करता येतो. दहा-बारा पानांची कथा घ्यावी. पहिलं वाचन सलग, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनानंतर घटना ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं कागदावर उतराव्यात, एका ओळीत एक. दहाच्या आसपास ओळी पुरतात. शेजारच्या रकान्यात लेखकानं त्या ज्या क्रमानं सांगितल्या तो क्रमांक घालावा. मग लागोपाठच्या दोन ओळींमध्ये 'आणि मग' बसतं की 'म्हणून', ते लिहावं. सगळीकडे 'आणि मग' आलं तर ती प्रवासवर्णनासारखी नुसती हकिगत आहे. सगळीकडे 'म्हणून' आलं तर लेखकानं सगळं आधीच उलगडलं आहे आणि वाचकाला करण्यासारखं काही उरलेलं नाही. जिथं दोन्ही बसत नाहीत, मध्ये काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतं, तिथं कथेचा गाभा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. दोन रकान्यांतले क्रमांक जिथं जुळत नाहीत तिथं थांबून विचारावं की ही घटना आधी किंवा नंतर का आणली. शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर याच एका गोष्टीशी येऊन थांबतं: कारण कधी उघड करायचं.

इथं नेहमीची चूक म्हणजे घटनांच्या यादीत भावना घुसवणं. 'आजोबांना वाईट वाटलं' ही घटना नव्हे. 'आजोबांनी कडी घातली' ही घटना. भावना यादीत घातली की 'का' चं उत्तर आपणच देऊन मोकळे होतो आणि लेखकानं ते कुठं, कसं पेरलं हे दिसेनासं होतं.

याच प्रकरणाच्या शेवटी कादंबऱ्यांच्या शेवटांबद्दल एक कठोर पण उपयोगी निरीक्षण आहे. बहुतेक कादंबऱ्या शेवटी ढिल्या पडतात, कारण कथानकाला गाठी मारायच्या असतात आणि माणसं तोवर त्याच्या हातातली बाहुली होतात. म्हणूनच मृत्यू आणि लग्न लेखकाला इतके सोयीचे वाटतात. कथास्पर्धांना येणाऱ्या लिखाणात लग्नाची जागा अपघातानं आणि पत्रानं घेतली आहे, एवढाच बदल. शेवटचा परिच्छेद पात्रातून आला की कथानकाच्या गरजेतून, हे बघायला सोपी कसोटी आहे. ती घटना त्याच पात्राऐवजी शेजाऱ्याच्या बाबतीत घडली असती तर काही बिघडलं असतं का? बिघडलं नसतं, तर शेवट चिकटवलेला आहे. प्रकरणाचा मेरेडिथच्या 'द इगोइस्ट'वरचा भाग ती कादंबरी न वाचलेल्यानं सरळ ओलांडावा. उदाहरणाला धरून चर्चा चालते आणि मूळ माहीत नसेल तर फक्त दमछाक होते.

माणसांवरची दोन प्रकरणं दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यात फॉर्स्टर माणसाच्या आयुष्यातल्या पाच मुख्य गोष्टी मोजतो: जन्म, अन्न, झोप, प्रेम, मृत्यू. कादंबरीतली माणसं जन्म विसरलेली असतात, झोपेत फार वेळ घालवत नाहीत, जेवतात ती बहुधा कुणाला भेटण्यासाठी, आणि प्रेमाचा विचार मात्र खऱ्या माणसाच्या कितीतरी पट करतात. पात्र म्हणजे हुबेहूब माणूस नव्हे, हे त्यातून पटकन पटतं. खऱ्या माणसाचं आतलं आपल्याला कळत नाही, पात्राचं लेखकाची इच्छा असेल तेवढं सगळं कळतं; म्हणूनच ती माणसं आपल्याला जवळची वाटतात, असं तो म्हणतो. पात्रचित्रण म्हणजे नाक-डोळे, वय, कपडे असं समजणाऱ्यानं इथं थोडा वेळ रेंगाळावं.

दुसऱ्यात त्याची सर्वांत गाजलेली जोडी येते, सपाट आणि गोलाकार पात्रं. सपाट पात्र एका वाक्यात मावतं. डिकन्सची मिसेस मिकॉबर नवऱ्याला कधीच सोडणार नाही असं म्हणते आणि खरोखर सोडत नाही. त्यात ती पूर्ण आली. गोलाकार पात्राची कसोटी एकच: ते पटेल अशा रीतीनं चकित करू शकतं का? चकित करत नसेल तर सपाट. चकित करतं पण पटत नाही, तर गोलाकार असल्याचं सोंग घेतलेलं सपाट. मराठी वर्गांत ही जोडी पोहोचली, पण वाटेत तिचा अर्थ सपाट म्हणजे वाईट आणि गोलाकार म्हणजे चांगलं असा झाला. फॉर्स्टरचं म्हणणं तसं अजिबात नाही. सपाट पात्रं आल्याबरोबर ओळखू येतात, लक्षात राहतात, पुन्हा पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. डिकन्सची जवळजवळ सगळी माणसं सपाट असूनही त्यांत जीव आहे, असं तो मोकळेपणानं मान्य करतो. लघुकथेत तर सपाट पात्रांशिवाय भागतच नाही. दहा पानांत पाच माणसं गोलाकार करायला गेलं की एकाचंही धड होत नाही. बहुधा एकच माणूस गोल होतो, आणि तोही एखाद्याच क्षणापुरता.

मागच्या दारापाशी परत जाऊ. धाकटी सून कुणाला उलट न बोलणारी, वाक्यात मावणारी. ती कडी काढते तेव्हा आपण चकित होतो. पण पटतं का? ते कडीच्या वाक्यावर अवलंबून नाही, त्याच्या आधीच्या दोन पानांवर आहे. भरलेली बादली घेऊन गोठ्याला वळसा घालताना ती मध्येच थांबून हात बदलते, हे आधी दोनदा, काही न बोलता आलं असेल, तर कडी निघणारच होती असं वाटतं. ते आलं नसेल, तर लेखकाला विहीर दाखवायची होती म्हणून सुनेनं दार उघडलं. पात्र फसलं की कारण बहुतेक वेळा असं मागच्या पानांवर सापडतं. शेवटचा प्रसंग कितीही घासूनपुसून उपयोग होत नाही.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. निवेदकाचा प्रश्न फॉर्स्टर माणसांच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या काही पानांत उरकतो. इंग्रज समीक्षक पर्सी लबक यांनी १९२१ मध्ये 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' मध्ये दृष्टिकोन, म्हणजे कथा कुणाच्या नजरेतून सांगितली जाते, हाच मध्यवर्ती प्रश्न मानला होता; फॉर्स्टरला ते मान्य नाही. लेखकानं वाचकाला उसळी देऊन आपलं म्हणणं स्वीकारायला लावलं की झालं, दृष्टिकोन बदलला तरी चालतं, असं तो 'ब्लीक हाउस'चं उदाहरण देऊन सांगतो. तिथं डिकन्स पहिल्या प्रकरणात सगळं जाणणारा असतो आणि तिसऱ्यात थेट एस्थर समरसनच्या तोंडून बोलू लागतो. आठशे पानांच्या कादंबरीत हे खपतं. दहा पानांच्या कथेत खपत नाही, आणि मराठीतली कितीतरी चांगली कथा उभीच मुळी कोण सांगतंय यावर राहते. नवशिक्यानं या बाबतीत फॉर्स्टरचा सल्ला मानू नये.

नुसतं प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी एवढं लिहूनही काम होत नाही. विचारायचं असं: निवेदकाला काय ठाऊक आहे, कधी ठाऊक झालं, आणि आपल्याला तो कधी सांगतो? दाराची कथा नातवानं सांगितली तर: 'आजोबा मागचं दार उघडू देत नसत. आम्हाला वाटायचं, मागे साप आहे.' रहस्य आपोआप राहतं, कारण पोराला खरोखर ठाऊक नाही. शिवाय साप हे त्याचं स्वतःचं कारण मिळाल्यानं घर जिवंत होतं. तीच कथा सर्वज्ञ निवेदकानं सांगितली तर पंचाईत. तो सगळ्यांच्या मनात शिरतो. मग आजोबांच्या मनात शिरून विहिरीबद्दल गप्प कसा बसला? शेवटी विहीर उघड झाली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. उपाय दोन: आजोबांच्या मनात अजिबात शिरायचं नाही, त्यांना बाहेरून, करणीतूनच दाखवायचं, किंवा विहीर पहिल्याच पानावर सांगून टाकायची आणि सून कडी कधी काढते याकडे ताण वळवायचा. निवेदक आणि लेखक एकच समजण्याची चूकही इथंच होते. नातू 'साप' म्हणतो तेव्हा लेखक चुकलेला नसतो.

स्थळ आणि वातावरण यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणच नाही. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' मधल्या विस्तीर्ण अवकाशाबद्दल चार सुंदर वाक्यं आहेत, तेवढंच. मराठी कथेच्या अभ्यासाला ही मोठी पोकळी. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत ती 'कथेत ग्रामीण वातावरण आहे' अशा एका वाक्यानं भरली जाते, आणि त्यातून काहीच कळत नाही. कथा उचलून दुसरीकडे ठेवून पाहावी. तेच कुटुंब पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं तर मागचं दार जातं, गोठ्याचा वळसा जातो, विहीर नजरेआड होते आणि कथा कोसळते. म्हणजे इथं स्थळ शोभेचं नाही, कारणांच्या साखळीतली एक कडी आहे. उलट एखाद्या कथेत गाव बदलून शहर केलं आणि चार विशेषणांपलीकडे काही हललं नाही, तर ते वर्णन होतं, स्थळ नव्हतं.

भाषेबद्दल तो जवळजवळ बोलतच नाही, आणि प्रमाण-बोलीचा प्रश्न त्याच्या पुस्तकात अपेक्षितही नव्हता. मराठीत तो टाळता येत नाही. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद वऱ्हाडीत किंवा मालवणीत असेल, तर निवेदक त्या माणसांपासून किती अंतरावर उभा आहे ते कळतं. निवेदनही बोलीतच असेल तर ते अंतर मिटतं. एक संवाद बोलीतून प्रमाणात उतरवून पाहावा. फक्त उच्चार बदलला, की नात्यातली सलगी, राग, अदबही गेली? दुसरं झालं तर ती बोली कथेचा घटक आहे.

आशयसूत्रालाही वेगळी जागा नाही. तिथली चूक मात्र इतकी सर्रास होते की सांगायला हवी. 'जमीन' हा विषय. 'जमीन विकू नये' हे तात्पर्य, आणि ते कथेनं म्हटलेलंच नाही. 'विकलेलं नजरेआड केलं तरी घरातल्यांना रोज त्याला वळसा घालावा लागतो' हे आशयसूत्र, कारण यातला प्रत्येक शब्द कथेतल्या कुठल्या तरी घटनेवर बोट ठेवून दाखवता येतो. ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही ते वाक्य खोडावं.

फँटसी आणि प्रॉफेसी ही दोन प्रकरणं पहिल्या वाचनात सोडून द्यावीत. प्रॉफेसी म्हणजे भविष्यकथन नव्हे. दोस्तोयेव्हस्की, मेल्व्हिल, लॉरेन्स, एमिली ब्राँटे यांच्या लिखाणात ऐकू येणारा एक मोठा, गाण्यासारखा स्वर त्याला सांगायचा आहे. ती पानं सुंदर आहेत, पण घटक शिकायला आलेल्या माणसाच्या हाती त्यातून काही लागत नाही. आकृतिबंध आणि लय मात्र चुकवू नये. अनातोल फ्रान्सच्या 'थाइस' मध्ये गणिकेला तारायला निघालेला साधू शेवटी स्वतः बुडतो आणि ती तरते. दोघांच्या वाटा वाळूच्या घड्याळासारख्या मध्ये एकमेकांना छेदतात. हा आकृतिबंध. प्रूस्तच्या कादंबरीत व्हिंतय या काल्पनिक संगीतकाराच्या संगीतातली एक छोटी ओळ मधूनमधून परत येते, कधी भरून, कधी नुसती चाहूल लावून, ही लय. कथेत लय तपासणं सोपं आहे. दोनदापेक्षा जास्त आलेल्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारावी आणि दर वेळी तिचं वजन बदलतं का ते बघावं. कडी पहिल्यांदा घातली जाते, दुसऱ्यांदा पोरं तिला हात लावून मार खातात, तिसऱ्यांदा ती निघते. तिन्ही वेळा सारखंच वजन असतं तर ती नुसती पुनरुक्ती ठरली असती.

इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी वाक्यं बोलकी आणि लहान आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला शब्दकोश फारसा लागणार नाही. अडचण येते ती उदाहरणांची. स्कॉट, बेनेट, मेरेडिथ, हार्डी न वाचलेल्यानं त्याची मतं खरी धरून बसू नये. स्कॉटवर तर तो फारच कडक आहे. पद्धत घ्यावी, उदाहरणं आपली घालावीत. वाचण्याचा क्रमही उलटा चांगला: आधी कथानक, मग माणसं, मग गोष्ट, त्यानंतर आकृतिबंध आणि लय, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी.

घ्यायचंच तर ऑलिव्हर स्टॅलिब्रास यांनी संपादित केलेली पेंग्विनची आवृत्ती बघावी. व्याख्यानांच्या तयारीत फॉर्स्टरनं टिपणवहीत केलेल्या नोंदी तिच्या परिशिष्टात आहेत आणि कुठलं मत कसं घडलं ते त्यांतून दिसतं. फॉर्स्टर १९७० मध्ये वारले, त्यामुळे भारतात या पुस्तकाचा स्वामित्वहक्क २०३० अखेरपर्यंत आहे. अमेरिकेत तो २०२३ च्या सुरुवातीला संपला. सोबतीला निवेदकाच्या प्रश्नासाठी लबक हवेतच. ते १९६५ मध्ये वारले, म्हणजे 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' भारतात २०२६ पासून मुक्त आहे. त्यांचं इंग्रजी जड आणि वाक्यं लांबलचक असतात, तेव्हा एका बैठकीत एकच प्रकरण घ्यावं आणि लगेच एखाद्या मराठी कथेचं पहिलं पान काढून निवेदकाला काय ठाऊक आहे ते लिहून काढावं.